कांद्याचं परराष्ट्र धोरण: भांडणाऱ्या मालदीवला कांदा मिळाला, मग मित्र बांगलादेशाला का नाही?

७ डिसेंबर २०२३. दिल्लीत परकीय व्यापार महासंचालनालयानं, म्हणजे डीजीएफटीनं, एक अधिसूचना काढली. कांद्याची निर्यात ३१ मार्च २०२४ पर्यंत बंद.

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातल्या निमगाव सावासारख्या गावांना या अधिसूचनेचा अर्थ पुढच्या काही लिलावांतच कळला. भाव घसरायला लागले. तिकडे दीड-दोन हजार किलोमीटरवर, बांगलादेशाची राजधानी ढाका इथे, दोन-तीन दिवसांत कांदा किलोमागे २०० टाक्यांच्या वर गेला.

निर्णय एकच. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला कमी पैसे मिळाले आणि तिथल्या गिऱ्हाईकाला जास्त मोजावे लागले. टीव्हीवर या बातमीची चर्चा ‘महागाई’ आणि ‘निवडणूक’ या दोनच शब्दांभोवती फिरली. पण हा निर्णय परराष्ट्र संबंधांचाही होता. भारताच्या शेजारी देशांनी तो तसाच घेतला.

कांद्यामुळे भारत आणि बांगलादेश यांच्यात वारंवार कटुता का येते? भारताशी उघड वाद चालू असताना मालदीवला मात्र कांदा सुरळीत कसा मिळाला? आणि या सगळ्यात जुन्नरच्या शेतकऱ्याचं काय पणाला लागलेलं असतं? समजून घेऊ.

निमगाव सावाचा आणि ढाक्याचा संबंध काय?

जुन्नर तालुका म्हटलं की शिवनेरी, नारायणगावचा टोमॅटो आणि द्राक्षं आठवतात. पण कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात कांदाही मोठ्या प्रमाणात होतो. जुन्नर कृषी उत्पन्न बाजार समितीचे ओतूर आणि आळेफाटा हे उपबाजार कांद्यासाठी ओळखले जातात. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात मंचरचा बाजार आहे. लासलगावला भाव क्विंटलवर सांगतात, इथे दहा किलोवर. माल पिशव्यांमध्ये भरून येतो, लिलाव होतो आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते.

इथला मुख्य कांदा उन्हाळी, म्हणजे गावरान. डिसेंबर-जानेवारीत लागवड, मार्च ते मे या काळात काढणी. हा कांदा टिकतो. म्हणून शेतकरी तो बराखीत भरून ठेवतात आणि पावसाळा सरता सरता, भाव बघून, बाहेर काढतात.

आता बांगलादेशाचं वेळापत्रक बघा. तिथलं कांद्याचं मुख्य पीक मार्च-एप्रिलमध्ये निघतं. ते सप्टेंबरपर्यंत संपत येतं. पुढचं पीक बाजारात यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत तिथे टंचाई असते. नेमक्या याच महिन्यांत महाराष्ट्रातल्या बराखींमधला कांदा बाहेर पडत असतो. पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली या पश्चिम बंगालमधल्या सीमेवरच्या ठाण्यांतून तो ट्रकनं पलीकडे जातो.

निमगाव सावाची प्रत्येक पिशवी ढाक्याला जाते असं नाही. तशी गरजही नसते. निर्यात चालू असेल तर लिलावात बोली लावणारे व्यापारी वाढतात आणि देशात विकल्या जाणाऱ्या कांद्यालाही भाव मिळतो. निर्यात थांबली की तोच माल देशातल्या बाजारांवर येऊन पडतो.

साधा हिशोब करून बघू. समजा, एका शेतकऱ्याच्या बराखीत ५० किलोच्या २०० पिशव्या आहेत, म्हणजे १० टन कांदा. दहा किलोचा भाव ३०० रुपयांवरून २०० वर आला, तर या एका कुटुंबाचं १ लाख रुपयांचं नुकसान होतं. लागवड, मजुरी, खतं, औषधं आणि काढणीचा खर्च तर आधीच झालेला असतो.

पण अडचण अशी की ज्या महिन्यांत बांगलादेशाला कांदा हवा असतो, त्याच महिन्यांत भारतातही कांदा महाग होतो. साठवलेला माल कमी झालेला असतो, त्यातला बराचसा सडलेला किंवा कोंब आलेला असतो, आणि खरिपाचा नवा कांदा परतीच्या पावसात सापडला तर लांबतो. मग दिल्लीत हालचाल सुरू होते.

निर्यातबंदी ठरवतं कोण?

कायदा आहे १९९२ चा, परकीय व्यापार (विकास आणि नियमन) कायदा. त्यानुसार केंद्र सरकार कोणत्याही मालाची आयात-निर्यात थांबवू शकतं. अधिसूचना काढते डीजीएफटी. ती येते वाणिज्य मंत्रालयाखाली. पण कांद्याच्या किमतींवर रोज नजर ठेवण्याचं काम ग्राहक व्यवहार विभागाकडे असतं. याच विभागाच्या निधीतून नाफेड आणि एनसीसीएफ या संस्था कांद्याचा राखीव साठा खरेदी करतात आणि भाव चढले की बाजारात सोडतात.

म्हणजे बंदीच्या निर्णयामागे मुख्य प्रश्न असतो दिल्ली-मुंबईतल्या किरकोळ भावाचा. त्याला राजकीय इतिहास आहे. १९९८ मध्ये दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत कांद्याचे भाव हा मोठा मुद्दा झाला आणि भाजपची सत्ता गेली. तेव्हापासून कांदा महागला की कोणतंही सरकार धास्तावतं.

निर्णय झाल्यावर शेजारी देशांना काय सांगायचं, ही जबाबदारी मात्र परराष्ट्र मंत्रालय आणि तिथल्या भारतीय दूतावासांवर येते. तोपर्यंत ट्रक सीमेवर अडकलेले असतात.

निर्यात कधी बंद, कधी चालू?

गेल्या काही वर्षांतल्या तारखा एका खाली एक मांडल्या की चित्र स्पष्ट होतं.

• २९ सप्टेंबर २०१९: कांद्याच्या निर्यातीवर बंदी. मार्च २०२० मध्ये उठवली.

• १४ सप्टेंबर २०२०: पुन्हा बंदी. १ जानेवारी २०२१ पासून उठवली.

• १९ ऑगस्ट २०२३: निर्यातीवर ४० टक्के शुल्क.

• २८ ऑक्टोबर २०२३: टनाला किमान ८०० डॉलर निर्यातमूल्य. म्हणजे त्यापेक्षा स्वस्त कांदा बाहेर पाठवता येणार नाही.

• ७ डिसेंबर २०२३: पूर्ण बंदी, ३१ मार्च २०२४ पर्यंत.

• २२ मार्च २०२४: बंदीला पुढील आदेशापर्यंत मुदतवाढ.

• ४ मे २०२४: बंदी उठवली, पण टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क.

• १३ सप्टेंबर २०२४: किमान मूल्याची अट काढली, शुल्क २० टक्क्यांवर आणलं.

• १ एप्रिल २०२५: शुल्क पूर्ण रद्द.

यातली २२ मार्च २०२४ ही तारीख जुन्नरसाठी महत्त्वाची आहे. शेतकऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत गावरान कांद्याची लागवड केली तेव्हा बंदी ३१ मार्चला संपणार असं कागदावर लिहिलेलं होतं. काढणी सुरू झाली आणि बंदी बेमुदत वाढली. पीक शेतात उभं असताना नियम बदलला.

याचा परिणाम आकड्यांमध्ये दिसतो. २०२२-२३ मध्ये भारतानं सुमारे २५ लाख टन कांदा निर्यात केला होता. २०२३-२४ मध्ये तो सुमारे १७ लाख टनांवर आला. २०२४-२५ मध्ये बंदी उठूनही निर्यात १२ लाख टनांच्या आतच राहिली.

ढाक्याची तक्रार नेमकी काय होती?

२०१९ ची बंदी लागू झाली, त्यानंतर पाचच दिवसांनी बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. ४ ऑक्टोबरला उद्योजकांच्या एका कार्यक्रमात त्यांनी हिंदीतून एक कोपरखळी मारली. भारतानं कांदा बंद का केला ते कळलं नाही, आपण तर स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलं आहे, असा तिचा आशय होता. सभागृहात हशा पिकला आणि तो व्हिडिओ व्हायरल झाला.

हशात त्यांच्या बोलण्याचा दुसरा भाग हरवला. असा निर्णय घ्यायचा असेल तर आधी कळवा, म्हणजे आम्हाला दुसरीकडून सोय करता येईल, अशी त्यांची विनंती होती. बंदी घालूच नका, असं त्या म्हणत नव्हत्या.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बांगलादेशात कांदा किलोला २०० टाक्यांच्या पुढे गेला. सरकारला इतर देशांतून कांदा मागवावा लागला, काही तर विमानानं आणावा लागला. सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीनं या महागाईला जबाबदार होता भारत. तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार लोकांना बातम्यांमधून कळतो. कांद्याचा भाव मात्र रोज पिशवी घेऊन बाजारात गेलं की कळतो.

२०२० मध्ये तेच पुन्हा झालं. १४ सप्टेंबरला अचानक बंदी आली आणि कांद्यानं भरलेले ट्रक सीमेवर उभे राहिले. या वेळी बांगलादेशाच्या परराष्ट्र मंत्रालयानं ढाक्यातल्या भारतीय उच्चायुक्तालयाला पत्र पाठवून नाराजी कळवली. २०१९ आणि २०२० मध्ये दोन्ही देशांत याबद्दल बोलणं झालं होतं, त्या समजुतीला या निर्णयानं धक्का बसतो, असा त्या पत्राचा रोख होता. काही दिवसांनी भारतानं अडकलेला माल सोडायला परवानगी दिली. पण कांदा ही पावसाळी हवेत ट्रकमध्ये टिकणारी वस्तू नाही. बराच माल तोवर खराब झाला होता.

त्या काळात भारत आणि बांगलादेशाचे संबंध फार चांगले मानले जात होते. २०१५ मध्ये सीमेवरच्या छिटमहालांचा अनेक दशकांचा प्रश्न दोघांनी मिळून सोडवला होता. तरीही एका साध्या गोष्टीवर, म्हणजे आधी कळवण्यावर, दोन वर्षांत दोनदा विश्वास उडाला.

मग मालदीवचं काय वेगळं होतं?

जानेवारी २०२४ आठवा. पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या लक्षद्वीप दौऱ्याच्या फोटोंवर मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी अपमानास्पद शेरे मारले. भारतात सोशल मीडियावर ‘बॉयकॉट मालदीव’ ट्रेंड झाला. लोकांनी सहली रद्द केल्याचे स्क्रीनशॉट टाकले. मालदीवचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मुइझ्झू ‘इंडिया आउट’ म्हणत निवडून आले होते. त्यांनी आपल्या बेटांवरच्या भारतीय सैनिकांना १० मे २०२४ पर्यंत परत जायला सांगितलं होतं.

याच काळात, ५ एप्रिल २०२४ ला, भारतानं मालदीवला एका वर्षासाठी जीवनावश्यक वस्तू पाठवायला मंजुरी दिली. तांदूळ, गव्हाचं पीठ, साखर, डाळ, बटाटे, अंडी आणि ३५,७४९ टन कांदा. या वस्तूंना सध्याची किंवा पुढे येणारी कोणतीही निर्यातबंदी लागू होणार नाही, हेही त्यात स्पष्ट होतं.

लक्षात घ्या, तेव्हा भारतातून कांदा निर्यातीवर पूर्ण बंदी होती.

हे कसं शक्य झालं? कारण भारत आणि मालदीव यांच्यात १९८१ चा व्यापार करार आहे. त्यानुसार दर वर्षी कोणती वस्तू किती पाठवायची याचा कोटा ठरतो. सरकारं बदलली, भाषणं कडवट झाली, तरी कागद तसाच राहिला. त्या वर्षीचा कोटा तर करार झाल्यापासूनचा सर्वांत मोठा होता. मालदीवच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्र्यांनी भारताचे जाहीर आभार मानले. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये मुइझ्झू स्वतः दिल्लीला आले आणि दोन्ही देशांचे संबंध सावरायला लागले. ते फक्त कांद्यामुळे झालं असं म्हणणं चुकीचं ठरेल. मालदीववर कर्जाचं ओझं होतं आणि भारताच्या मदतीची त्यांना गरज होती. पण वाद पेटलेला असताना सामान्य मालदीवी माणसाच्या ताटातलं जेवण भारतानं तोडलं नाही, ही गोष्ट त्यात मोलाची होती.

बांगलादेशाशी मात्र असा लेखी कोटा नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही देशांच्या वाणिज्यमंत्र्यांची दिल्लीत बैठक झाली, तेव्हा बांगलादेशानं गहू, तांदूळ, साखर, कांदा, आलं, लसूण, डाळ अशा वस्तूंसाठी वार्षिक कोटा मागितला होता. भारतानं अनुकूलता दाखवली. पण करार झाला नाही. वर्षभरानं पुन्हा बंदी आली.

म्हणजे भांडणाऱ्या शेजाऱ्याकडे कागद होता म्हणून त्याला कांदा मिळाला. मित्र शेजाऱ्याकडे फक्त तोंडी समजूत होती, म्हणून त्याला वाट बघावी लागली.

बंदी असताना ‘मित्रदेशांना’ कांदा कसा गेला?

२०२४ च्या सुरुवातीला सरकारनं मधला मार्ग काढला. बंदी कायम ठेवून काही देशांना, त्यांच्या सरकारांच्या विनंतीवरून, ठराविक कांदा द्यायचा. १ मार्चला बांगलादेशासाठी ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीसाठी १४,४०० टनांची परवानगी निघाली. एप्रिलअखेर सरकारनं सांगितलं की बांगलादेश, अमिराती, भूतान, बहारिन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा पाठवायला परवानगी दिली आहे.

हा कांदा नेहमीच्या निर्यातदारांनी पाठवायचा नव्हता. नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेड म्हणजे एनसीईएल ही २०२३ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था ई-निविदा काढून सर्वांत कमी दरात कांदा घेणार आणि समोरच्या देशानं नेमलेल्या संस्थेला विकणार, अशी पद्धत होती.

राजनैतिक दृष्टीनं यात तर्क होता. मित्रदेश पूर्ण उपाशी राहिले नाहीत. पण शेतकऱ्याच्या दृष्टीनं दोन प्रश्न उरले. पहिला, एका वर्षी जिथे २५ लाख टन कांदा बाहेर गेला होता तिथे १ लाख टनांनी बाजारभाव हलणार किती? दुसरा, खरेदी सर्वांत कमी दरात होणार असेल तर परदेशातल्या चढ्या भावाचा फायदा शेतकऱ्यापर्यंत पोहोचणार कसा? निर्यातदारांनीही इथला खरेदीदर आणि परदेशातला विक्रीदर यांतल्या मोठ्या फरकावर आक्षेप घेतले.

त्यात एप्रिलमध्ये गुजरातच्या २ हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची वेगळी परवानगी मिळाली. प्रमाण कमी होतं, पण ऐन लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात त्यावरून संताप झाला.

जुन्नरमध्ये राग कसा बाहेर पडला?

बंदीनंतर तीन आठवड्यांच्या आत, २७ डिसेंबर २०२३ ला, शिवनेरीच्या पायथ्यापासून शेतकरी आक्रोश मोर्चा निघाला. शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे त्याचं नेतृत्व करत होते. कांदा निर्यातबंदी उठवा, ही प्रमुख मागण्यांपैकी एक होती. ३० डिसेंबरला मोर्चा पुण्यात पोहोचला.

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके शिरूर लोकसभा मतदारसंघात येतात. जून २०२४ च्या निकालात कोल्हे पुन्हा निवडून आले. दिंडोरी, नाशिक, अहमदनगर (आता अहिल्यानगर) अशा कांदा पिकवणाऱ्या मतदारसंघांतही महायुतीच्या उमेदवारांचा पराभव झाला. कांद्याचा फटका बसला, हे नंतर महायुतीच्या नेत्यांनीही मान्य केलं. पाच महिन्यांनी विधानसभेत चित्र पूर्ण पालटलं आणि महायुती मोठ्या बहुमतानं आली. तोपर्यंत बंदी उठलेली होती आणि निवडणुकीत मुद्देही वेगळे होते.

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी

बंदी म्हणजे शेतकऱ्याशी वैर, इतकं हे सोपं नाही. देशात कांदा विकत घेणारी कुटुंबं पिकवणाऱ्या कुटुंबांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. त्यातली अनेक गरीब आहेत. २०२३ मध्ये पाऊस लहरी होता, उत्पादन घटलं. २०२२-२३ मध्ये सुमारे ३०० लाख टन कांदा झाला होता, २०२३-२४ मध्ये तो २४० लाख टनांच्या आसपास आला. अशा वेळी देशातल्या लोकांना आधी खाऊ घालायचं, हे कोणतंही सरकार म्हणेल. जागतिक व्यापाराचे नियमही अन्नटंचाई टाळण्यासाठी तात्पुरत्या निर्यातबंदीला परवानगी देतात. इंडोनेशियानं २०२२ मध्ये पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली होती.

प्रश्न प्रमाणाचा आणि पद्धतीचा आहे. बांगलादेश हा भारतीय कांद्याचा सर्वांत मोठा ग्राहक. पण तो चांगल्या वर्षी जितका कांदा घेतो, तो भारताच्या एकूण उत्पादनाच्या साधारण २ ते ३ टक्के असतो. टंचाईच्या महिन्यात हे २-३ टक्केही भावावर परिणाम करतात, हे खरं. तरीही ठरलेला कोटा चालू ठेवून बाकीची निर्यात नियंत्रित करणं शक्य असतं. मालदीवच्या बाबतीत ते करून दाखवलेलं आहे.

आता दार पलीकडून बंद होतंय

५ ऑगस्ट २०२४ ला विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर शेख हसीनांची सत्ता गेली आणि त्या भारतात आल्या. ढाक्यात मोहम्मद युनूस यांच्या नेतृत्वाखाली अंतरिम सरकार आलं. दोन्ही देशांचे संबंध बिघडत गेले. एप्रिल २०२५ मध्ये भारतानं बांगलादेशाचा माल भारतीय बंदरं-विमानतळांमार्गे तिसऱ्या देशात पाठवण्याची सवलत काढून घेतली. त्याच महिन्यात बांगलादेशानं भारतीय सुताची जमिनीवरून होणारी आयात थांबवली. मे महिन्यात भारतानं बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरच्या सीमा बंद केल्या.

कांद्याचं काय झालं? १ एप्रिल २०२५ पासून भारतानं शुल्क शून्य केलं. आपल्याकडून दार पूर्ण उघडलं. पण बांगलादेशानं वर्षातले बरेच महिने आयातीचे परवानेच दिले नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परवाने सुरू केले, तेही दिवसाला ५० आणि प्रत्येकी जास्तीत जास्त ३० टन. आपल्या शेतकऱ्यांना भाव मिळावा, हे त्यांचं कारण. २०२५ मध्ये महाराष्ट्रात कांद्याचे भाव कोसळले, त्याला भरपूर उत्पादनासोबत हेही एक कारण होतं.

याची सुरुवात २०२४ च्या आधीच झाली होती. २०१९ आणि २०२० च्या धक्क्यांनंतर बांगलादेशानं कांद्यात स्वयंपूर्ण व्हायचं ठरवलं. शेतकऱ्यांना बियाणं आणि अनुदान दिलं. टंचाईच्या महिन्यांत हाती येईल असा उन्हाळी हंगामाचा कांदा लावायला प्रोत्साहन दिलं. त्यासाठी वापरलेल्या वाणाचं नाव आहे ‘नाशिक एन-५३’. शिवाय पाकिस्तान, इजिप्त, चीन, तुर्कस्तान असे पर्याय शोधले. नोव्हेंबर २०२४ मध्ये कराचीहून थेट चट्टोग्रामला मालवाहू जहाज पोहोचलं. गेल्या कित्येक दशकांत असं झालं नव्हतं.

सरकार बदललं म्हणून राग आला आणि कांदा बंद झाला, एवढाच याचा अर्थ नाही. भारत ऐन वेळी हात आखडता घेतो, हा अनुभव हसीनांच्या काळातलाच आहे. नव्या सरकारला भारतापासून अंतर ठेवणं सोपं गेलं, कारण पर्यायांची तयारी आधीपासून चालू होती.

हाच अनुभव भारतालाही येतो

जुन्नरमध्ये द्राक्ष आणि टोमॅटो पिकवणारे शेतकरी ठिबकमधून विद्राव्य खतं देतात. अशा विशेष खतांसाठी भारत मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून आहे. २०२५ मध्ये चीननं भारताकडे येणारी ही खतं रोखून धरली. औपचारिक बंदीची घोषणा नव्हती, तपासणी आणि कागदपत्रांत माल अडकत होता. इथे खतांची टंचाई आणि भाववाढ झाली. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले तेव्हा खतं, दुर्मिळ खनिजं आणि बोगदे खणणारी यंत्रं हे विषय भारतानं चर्चेत मांडले. खत हा तेव्हा परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीचा विषय झाला.

त्यानंतर भारतात काय चर्चा सुरू झाली? चीनवर अवलंबून राहायला नको, दुसरे पुरवठादार शोधा, देशातच उत्पादन करा. कांद्याबाबत बांगलादेशानं नेमकं हेच केलं.

मग करायला काय हवं?

बंदीचा अधिकार सरकारनं सोडून द्यावा, असं व्यवहारात होणार नाही. पण तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत.

पहिली, शेजाऱ्यांशी लेखी कोटा. मालदीवचा नमुना समोर आहे. बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ यांच्याशी वर्षाला किमान किती कांदा देणार हे ठरलं, तर टंचाईतही तेवढा जाईल. समोरच्या देशानंही किमान तेवढा घ्यायची हमी द्यायला हवी. नाहीतर आपल्याकडे मुबलक पीक आलं की ते दार बंद करणार आणि आपल्याकडे टंचाई आली की आपण, हा खेळ चालूच राहील.

दुसरी, पूर्वसूचना. शेख हसीनांनी २०१९ मध्ये मागितलं होतं तेवढंच. सीमेकडे निघालेला माल तरी अडकू नये. ही सूचना निमगाव सावाच्या शेतकऱ्यालाही तेवढीच उपयोगी आहे. निर्यातीचं धोरण लागवडीआधी जाहीर झालं, तर किती एकर कांदा लावायचा हे त्याला ठरवता येईल.

तिसरी, साठवण. बराखीत कांद्याची मोठी घट होते. ती कमी झाली तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये देशात माल जास्त उरेल आणि बंदीची वेळच कमी येईल. हे काम खर्चाचं आणि सावकाश होणारं आहे. अधिसूचना मात्र एका दिवसात निघते. म्हणूनच सरकारं पुन्हा पुन्हा तिच्याकडे वळतात.

थोडक्यात

• निर्यातबंदी देशातल्या महागाईसाठी घातली जाते, पण शेजारी देश तिच्याकडे भारताचा शब्द किती टिकतो याची परीक्षा म्हणून बघतात.

• मालदीवशी वाद असतानाही कांदा गेला, कारण १९८१ चा करार आणि दर वर्षीचा कोटा होता. बांगलादेशाशी मैत्री असतानाही अडला, कारण तसं काही लेखी नव्हतं.

• २०२५ मध्ये भारतानं निर्यात पूर्ण खुली केली, पण तोवर सर्वांत मोठा ग्राहक स्वतःचं पीक वाढवून आणि दुसरे विक्रेते शोधून बसला होता.

• या दोन सरकारांच्या मधे उभा असलेला शेतकरी कांदा लावतो डिसेंबरमध्ये आणि विकतो पुढच्या दिवाळीच्या आसपास. या दहा-अकरा महिन्यांत ना दिल्लीचा नियम बदलणार नाही याची त्याला हमी आहे, ना ढाक्याचा.

पुढच्या वेळी कांद्याच्या भावाची बातमी दिसली, तर किरकोळ भावासोबत आणखी एक गोष्ट तपासा. शेजारी देशांशी कांद्याचा लेखी करार झाला का? त्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढची टंचाई किंवा पुढचं मुबलक पीक आल्यावर हीच बातमी तारीख बदलून पुन्हा येईल.